जागलीवर बसलेलं मूल

मराठवाड्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेतल्या शिक्षकांनी विचारलं आहे: "चौथीतला एक मुलगा आहे. वडील शेतकरी. गेल्या वर्षी कार्तिकात त्यांनी आत्महत्या केली. बातमी आली तेव्हा मुलगा वर्गात होता. चुलते मोटारसायकलवर आले आणि त्याला दप्तरासकट घेऊन गेले. आधी वाचनात वर्गात पहिला-दुसरा असायचा. आता ओळी गाळून वाचतो, पाढे विसरलाय, सारखा खिडकीबाहेर बघतो, कुणी मागून हात लावला तर अंगावर धावून जातो. लक्ष लागावं म्हणून त्याला पहिल्या रांगेत, दाराकडे पाठ करून बसवलं, तर आणखीच बिघडला. घरचे म्हणतात लाडावलाय. लहानपणच्या अशा धक्क्याचा मुलाच्या मनावर आणि अभ्यासावर खरंच इतका परिणाम होतो का? मी काय करू?"

सर,

तुमच्या लिहिण्यातल्या दोन गोष्टी मी शेजारी ठेवून पुन्हा वाचल्या. चुलते मोटारसायकलवर घ्यायला आले. तो सारखा खिडकीबाहेर बघतो. तुमच्या शाळेच्या फाटकाशी दिवसभरात किती गाड्या थांबत असतील? पोषण आहाराचं सामान आणणारा, केंद्रप्रमुख, एखाद्या मुलाचे वडील. तुमच्या कानाला तो आवाज आता जाणवतही नसेल. त्या मुलाला मात्र गाडी थांबली की एकच प्रश्न पडत असणार: आता कोण गेलं? आई घरी ठीक आहे ना? मी त्याला भेटलेले नाही, त्यामुळे हे असंच आहे असं ठामपणे म्हणणार नाही. पण सत्तावीस वर्षं अशी मुलं बघतेय. त्याला तपासायला बसले तर पहिल्यांदा हेच बघेन.

तुम्ही त्याची पाठ दाराकडे केलीत, त्यामागची तळमळ मला कळते. पण ज्या दिशेनं त्याच्यावर आभाळ कोसळलं, ती दिशाच त्याच्या नजरेआड गेली. म्हणून बिघडला.

ज्वारी हुरड्याला आली की रानात जागल करावी लागते, हे तुम्हाला मी सांगायला नको. माळ्यावर बसलेल्या माणसाचा कान पानाच्या सळसळीवर असतो. दोन-तीन रात्री सलग जागल झाली की दिवसा तो माणूस हिशेबात चुकतो, लेकरांवर खेकसतो, जेवताना पेंगतो. त्याला कुणी आळशी म्हणत नाही, कारण रात्रभर तो कुठे होता ते घरात सगळ्यांना माहीत असतं. तुमचा हा विद्यार्थी गेले अकरा महिने जागलीवर आहे. ते कुणाला दिसत नाही, एवढाच फरक.

आता मेंदूत काय होतं ते सांगते. बदामाच्या आकाराचा एक भाग असतो, ॲमिग्डाला. धोका ओळखायचं काम त्याचं. बैल उधळून अंगावर आला तर आपण विचार करत उभे राहत नाही, आधी बाजूला उडी मारतो आणि मग घाबरतो. ती उडी या भागामुळे. त्या क्षणी छाती धडधडते, अंगात ॲड्रेनलिन आणि कॉर्टिसॉल ही रसायनं वाढतात, आणि कपाळामागचा जो भाग विचार करतो, थांबवतो, बेत आखतो, तो मागे पडतो. बैल निघून गेला की काही वेळात सगळं जागेवर येतं. पण धक्का मोठा असेल, किंवा घरात रोजच दारू आणि मारहाण असेल, तर धोक्याची ही घंटा जराशा कारणानेही वाजायला लागते. मागून पडलेला मित्राचा हात तिला पुरेसा होतो. मुलगा अंगावर धावून जातो तेव्हा त्याने ठरवून काही केलेलं नसतं. शरीर आधी हललेलं असतं, मन मागाहून पोचतं. म्हणूनच "का मारलंस?" असं विचारलं की अशी मुलं नुसती बघत राहतात. त्यांना खरंच माहीत नसतं.

आता अभ्यासाकडे येते, कारण इथेच शिक्षक आणि पालक सगळ्यात जास्त चुकतात, आणि मीही सुरुवातीला चुकले.

एका मुलीची वही मला अजून आठवते. घरात रोज रात्री आईला मार पडायचा. वहीत ४७ अधिक ३८, उत्तर ७५. खाली ५६ अधिक २९, त्याचंही उत्तर ७५. पान उलटलं, तर प्रत्येक गणितात तीच गत. एककाची बेरीज बरोबर, दशकाची बरोबर, मधला हातचा गळालेला. शेजारी लाल पेनाने "लक्ष दे!" असा शेरा, तीन वेळा. हातचा म्हणजे काय, तर पुढची बेरीज होईपर्यंत एक आकडा मनात धरून ठेवणं. मनात ही जी धरून ठेवायची जागा असते तिला कार्यस्मृती म्हणतात, आणि ती मोठ्या माणसातही फार लहान असते. त्या मुलीच्या मनातली जागा "आज बाबा किती वाजता येतील" यानेच भरलेली होती. हातच्याला जागाच उरत नव्हती. मी तिला एवढंच सांगितलं की हातचा डोक्यात ठेवू नकोस, गणिताच्या वर चौकोन काढ आणि त्यात लिही. निम्म्याहून जास्त चुका गेल्या. घरातलं अजून काहीच बदललेलं नव्हतं, तरी गेल्या.

ओळी गाळून वाचणं हे त्याच जातीचं. वाचताना मागचं वाक्य मनात धरून पुढे जावं लागतं. मध्येच फाटकाशी गाडी थांबली की वाक्य सुटतं, मूल खाली बघतं आणि दिसेल त्या ओळीवर बोट ठेवतं. पाढ्यांचं म्हणाल, तर एक करून बघा. शाळा सुटल्यावर, मैदानात चालता चालता, सहज सातचा पाढा म्हणायला लागा आणि मध्येच थांबा. तो पुढे म्हणाला तर पाढे जागेवर आहेत, फक्त वर्गात त्याला ते काढता येत नाहीत. हे कळलं की त्याच्याकडे बघायची तुमची नजरच बदलेल. मग त्याला तिसरीचं पुस्तक पुन्हा घ्यायला लावायची गरज उरणार नाही.

आणि झोप विचारा. दिवसा शिकलेलं पक्कं व्हायला रात्रीची झोप लागते. अशी मुलं दचकून उठतात, आईचा श्वास चालू आहे ना ते बघतात. हे मला कित्येक मुलांनी सांगितलंय, आणि त्यांच्या आयांना ते माहीत नव्हतं.

भावनांचं थोडं सविस्तर सांगते. मूल शांत होणं जन्मतः शिकून येत नाही. तान्हं बाळ रडतं, आई उचलते, थोपटते, बाळ शांत होतं. असं हजारो वेळा झाल्यावर ते थोपटणं मुलाच्या आत रुजतं. तोपर्यंत मूल शांतपणा मोठ्यांकडून उसना घेत असतं. तुमच्या विद्यार्थ्याच्या घरात उसना देणारंच कुणी उरलेलं नाही. आई स्वतः कोसळलेली असेल, त्यात रोजंदारीला जात असेल. आजीने मुलगा गमावलेला. कुणाचा दोष नाही. पण मुलाने राग आला, भीती वाटली तर ठेवायचा कुठे? मग तो अंगातून बाहेर पडतो. प्रार्थनेच्या वेळी पोट दुखतं, डोकं दुखतं, चड्डी ओली होते. अशा मुलांना विचारलं तर एकच उत्तर येतं: "कसंतरी होतंय." त्या एका शब्दात भीती, राग, आठवण, लाज सगळं कोंबलेलं असतं. ते एकेक सुटं करायला शिकवणं हे माझ्या कामातलं निम्मं काम आहे.

विस्कॉन्सिन विद्यापीठात सेठ पोलक यांनी मुलांना चेहऱ्यांचे फोटो आधी अगदी अंधुक आणि मग हळूहळू स्पष्ट करत दाखवले. घरी मार खाल्लेल्या मुलांना त्यातला राग इतर मुलांच्या आधी, जेमतेम दिसू लागलेल्या फोटोतही ओळखता आला. घरात ही जाण त्यांना वाचवते. वर्गात मात्र गुरुजी नुसते थकलेले असले तरी मुलाला ते चिडलेले दिसतात. तुमचा मुलगा मार खाल्लेला नाही, तरी धोक्यावर नेम धरलेलं मन कसं वागतं ते यावरून कळेल.

आता जी गोष्ट मुलं सगळ्यात खोल लपवतात ती. साधारण दहा-अकरा वर्षांपर्यंत मुलं घरात घडलेल्या वाईटाचा दोष सहज स्वतःकडे घेतात. विदर्भातली एक मुलगी माझ्याकडे यायची, तिच्याही वडिलांनी आत्महत्या केली होती. चार महिने ती त्यांच्याबद्दल अक्षर बोलली नाही. एकदा चित्र काढता काढता म्हणाली, "मी गॅदरिंगच्या ड्रेसला तीनशे रुपये मागितले होते." एवढंच. त्या तीनशे रुपयांमुळे बाबा गेले असं ती चार महिने उराशी धरून बसली होती. तिला मी काय सांगितलं ते तुम्हालाही उपयोगी पडेल: आत्महत्या कधीच एका कारणाने होत नाही, बाबांचं मन आजारी पडलं होतं, आणि लहान मुलाच्या बोलण्याने किंवा मागण्याने कुणाचे बाबा मरत नाहीत. हे एकदा सांगून भागत नाही. ती पुन्हा पुन्हा विचारत राहिली, वेगवेगळ्या आडवळणांनी, आणि दर वेळी तेच उत्तर द्यावं लागलं.

याच्या जोडीला आपल्याकडे आणखी एक ओझं मुलांच्या डोक्यावर ठेवलं जातं. दहाव्याला, तेराव्याला आलेला प्रत्येक माणूस डोक्यावरून हात फिरवून म्हणतो, "आता तूच घरातला कर्ता पुरुष. रडायचं नाही. आईकडे बघायचं." आठ वर्षांच्या मुलाला! बोलणाऱ्याच्या मनात माया असते, पण मुलगा ते शब्दशः घेतो. कर्त्या पुरुषाने वर्गात बसून कविता म्हणायची कशी? त्याने तर फाटकावर लक्ष ठेवायचं. चुलत्यांना आणि आजीला बोलवून हे एक वाक्य घरात बंद करायला सांगा. माझ्या अनुभवात, एवढ्यानेही मूल हलकं झालेलं दिसतं.

असं मूल तुम्हाला पहिल्यांदाच भेटलं असेल, पण या विषयाचा अभ्यास जुना आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला, तेव्हा मी शिकत होते. नंतर आम्ही काही जण औसा-उमरगा भागातल्या पत्र्याच्या शेडमध्ये मुलांसोबत बसायला जायचो. मुलं दगडावर दगड रचायची, "हलायला लागलं!" असं ओरडायची आणि सगळं पाडायची. पुन्हा रचायची. त्यात हसू नसायचं. त्याच्या १७ वर्षं आधी, १९७६ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या चौचिला गावात २६ मुलांची शाळेची बस पळवून त्यांना जमिनीखाली कोंडलं होतं. मुलं वाचली. लेनोर टेर या मनोविकारतज्ज्ञांनी त्यांचा पुढे काही वर्षं अभ्यास केला, तेव्हा त्यांनाही असाच खेळ दिसला होता: तोच तो, न संपणारा, आनंद नसलेला. मूल जे बोलू शकत नाही ते खेळतं. तुमचा मुलगा मधल्या सुट्टीत काय खेळतो ते बघा. कुणी मरतं, कुणाला उचलून नेतात, असं काही वारंवार दिसलं तर रागावू नका. जवळ बसा. "मग पुढं काय झालं? मदतीला कोण आलं?" एवढंच विचारा.

अमेरिकेत विन्सेंट फेलिटी आणि रॉबर्ट अँडा यांनी १९९०च्या दशकात १७ हजारांहून अधिक प्रौढांना बालपणातल्या मारहाण, दुर्लक्ष, घरातलं व्यसन अशा अनुभवांबद्दल विचारलं. असे अनुभव जितके जास्त, तितके मोठेपणी नैराश्य, व्यसन, हृदयविकार यांचं प्रमाण वाढलेलं आढळलं. हा अभ्यास हल्ली सगळीकडे सांगितला जातो आणि पालक घाबरतात. ते आकडे समूहाचे आहेत. एका मुलाचं भविष्य त्यातून वाचता येत नाही, असं २०२० मध्ये स्वतः अँडा यांनीच बजावलं आहे.

मला त्यापेक्षा हवाई बेटांवरच्या काउआईचा अभ्यास जास्त जवळचा वाटतो. एमी वर्नर यांनी तिथे १९५५ मध्ये जन्मलेल्या जवळपास ७०० मुलांना मोठी होईपर्यंत पाहिलं. ज्यांच्या घरात गरिबी, भांडणं, आजार असं सगळंच एकवटलं होतं, त्यांतलीही साधारण एक तृतीयांश मुलं धडधाकट मनाची झाली. त्यांच्यात पुन्हा पुन्हा दिसलेली एक गोष्ट म्हणजे निदान एक तरी कायम सोबत असलेलं मोठं माणूस. कुठे आजी, कुठे मावशी. कुठे शिक्षक. रोमानियात अनाथालयांतल्या १३६ बाळांवर झालेला बुखारेस्टचा प्रयोगही तेच सांगतो. चांगल्या पालक-कुटुंबात गेलेली मुलं सावरली, आणि दोन वर्षांच्या आत गेलेली जास्त सावरली. तुमचा मुलगा याबाबत नशीबवान आहे. पहिली आठ वर्षं त्याला वडील होते, आणि ते जीव लावणारे असावेत असं मला वाटतं. ते आत जमा आहे.

तर करायचं काय?

त्याची जागा बदला. भिंतीला पाठ, दार आणि फाटक दोन्ही दिसतील अशी. सुरुवातीला तो जास्तच बाहेर बघेल, बघू द्या. गाडी थांबली की तुम्हीच सहज म्हणा, "तांदळाचं पोतं आलं वाटतं." जागलीवरच्या माणसाला दुसऱ्याने "मी बघतो, तू पड जरा" म्हणावं, तसं आहे हे. काही आठवड्यांनी तो तुमच्या तोंडाकडे बघायला लागेल आणि खिडकी कमी होईल.

दिवसभरात काय-काय होणार ते रोज सकाळी फळ्याच्या कोपऱ्यात लिहा. तासाची घंटा वाजवायचं काम त्याला द्या. पुढे काय घडणार हे आधी माहीत असणं, आणि ते आपल्या हाताने घडवणं, याचा अशा मुलांवर किती परिणाम होतो हे मी पाहिलंय. मागून हात लावू नका. समोरून, नाव घेऊन बोला. तो भडकला की त्या क्षणी उपदेश नको. त्याचा विचार करणारा मेंदू तेव्हा जागेवर नसतो. पाणी द्या, बाजूला बसवा, तुमचा आवाज खाली आणा. बोलायचं ते मधल्या सुट्टीनंतर. मारणं तर शिक्षण हक्क कायद्याच्या १७ व्या कलमानेच बंद आहे. पण कायदा बाजूला ठेवला तरी, मार खाल्ला की त्याची घंटा आणखी जोरात वाजणार.

लेझीम, खो-खो, एकसुरात कविता म्हणणं हे रोज हवं. ताल आणि पळणं यांनीही शरीरातली भीती उतरायला मदत होते. आणि वडिलांबद्दल त्याला खोदून विचारू नका. तो आपणहून बोलला तर हातातलं काम ठेवा आणि ऐका.

एक आणखी. तुमच्या वर्गात अशी एखादी मुलगीही असेल जी कुणाला मारत नाही, वही नीट ठेवते, बोलत नाही, हाक मारली तर दोन क्षणांनी दचकून बघते. तिच्याबद्दल मला कुणी लिहीत नाही, कारण ती त्रास देत नाही. पुष्कळदा धक्का तिथेही तेवढाच असतो, फक्त पळता किंवा लढता न आल्यामुळे ती आतल्या आत गोठलेली असते. लैंगिक अत्याचाराची शंका आली तर पॉक्सो कायद्याप्रमाणे कळवणं तुमच्यावर बंधनकारक आहे. घरच्यांशी वाटाघाटी करत बसू नका.

आईशी बोलताना आधी तिची विचारपूस करा, मुलाची तक्रार मागाहून. मुलाला "बाबा गावाला गेलेत" किंवा "छातीत दुखून गेले" असं सांगितलं असेल तर ते बदलायला हवं, कारण गावातल्या पोरांनी त्याला खरं केव्हाच सांगितलेलं असतं. आणि मग त्याला कळतं की आईही खोटं बोलते. साध्या शब्दांत, तपशील न देता, खरं सांगायचं. तिला एकटीला जमणार नसेल तर तुम्ही शेजारी बसा. पालक गमावलेल्या मुलांसाठी सरकार दरमहा मदत देतं, त्या बालसंगोपन योजनेचा अर्ज भरला आहे का तेही विचारा. घरातली पैशाची चिंता कमी झाली की मुलाच्या डोक्यातलीही होते.

वर्ष होत आलंय आणि तरी तो दचकतो, चिडतो, झोपत नाही. म्हणून त्याला तज्ज्ञाला दाखवाच. जिल्हा रुग्णालयात मानसिक आरोग्य विभाग असतो. टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनच्या १४४१६ वर मराठीतून बोलता येतं, आणि मुलांसाठीची हेल्पलाइन १०९८ आहेच. धक्क्यावर नेमके उपचार आहेत, साधारण तीन-चार महिन्यांचे. त्यात मूल आणि आई दोघांनाही घेतात आणि गुण येतो. मरणाबद्दल बोलायला लागला, "मी बाबांकडे जातो" असं म्हणाला, तर मात्र त्याच दिवशी फोन करा आणि तोवर त्याला एकटं सोडू नका.

आणि आता कार्तिक जवळ आलाय. तुम्हाला तारीख आठवणार नाही, त्यालाही सांगता येणार नाही, पण तीच थंडी, तीच कापसाची वेचणी, घरात वर्षश्राद्धाची बोलणी सुरू झाली की त्याचं शरीर ते ओळखेल. सुधारत आलेला मुलगा त्या दोन आठवड्यांत पुन्हा मागे जाईल. घाबरू नका, शिक्षा करू नका, नवा धडा थोडा पुढे ढकला. मुख्याध्यापकांशी बोलून एवढं मात्र नक्की करा: त्या दिवसांत कुठल्याही मुलाला मध्येच न्यायला कुणी आलं, तर गाडी फाटकाबाहेर, माणूस ऑफिसात. वर्गात तुम्ही स्वतः जा. आणि त्या मुलाला हाक मारायच्या आधी याच्याकडे बघून सांगा की दाताच्या डॉक्टरकडे नेताहेत, संध्याकाळी परत येईल.